गोष्टीत पाऊस नव्हता

देवराव पाटलाच्या नाल्याकाठच्या वावरात कापूस वेचायला चौदा बाया लागायच्या, आणि रुखमाबाई सोडून बाकीच्या तेराही जणी तिच्या शेजारची पाथ, म्हणजे वेचायची ओळ, धरायला धडपडायच्या. रुखमाबाई वेचता वेचता गोष्ट सांगायची. तिचा आवाज काही मोठा नव्हता. चार ओळींपलीकडे नुसती गुणगुण ऐकू यायची. म्हणून सकाळी दहिवर वाळायच्या आत बाया बांधावर येऊन, पदर खोचून उभ्या राहायच्या.

गाव पिंपळखुटा, काटोलपासून पाच कोस. साल एकोणसत्तर. दिवाळी झाल्यावर पाटलीणबाईनं वावराच्या कोपऱ्यात सीतादही केलं, पहिल्या फुटलेल्या बोंडांवर दहीभात शिंपडला. बौद्ध मोहल्ल्यातल्या या बाया तेव्हा बांधावरच थांबल्या होत्या. पूजा आटोपली, पाटलीणबाई घरी गेली, तेव्हा त्यांनी पोटाशी ओट्या बांधल्या आणि वेचणीला लागल्या.

रुखमाबाई पन्नाशीला आलेली. अंगानं काटक, हात मात्र गड्यासारखे. डाव्या हातानं बोंड धरायची आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी पाकळ्यांतला सगळा कापूस एका ओढीत काढायची. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या मुळाशी रुतायची. दुपारपर्यंत सगळ्यांचीच बोटं चिरलेली असायची. पण गोष्ट चालू असली की कोणी बोट तोंडात घालायला थांबत नसे. रुखमाबाई एक वाक्य बोलायची आणि मागून-पुढून "हूं" यायचं. हूं आलं की पुढचं वाक्य. वीस वर्षं असंच चाललं होतं.

त्या साली प्रेमिला नावाची नवी सून वेचायला आली. लग्नाला दोन महिने झालेले, माहेर कळमेश्वराकडचं. तिला हूं म्हणायची सवय नव्हती.

रुखमाबाई सांगत होती, "सासूनं मैनाले चाळनी देल्ली. म्हने, यातच पानी आन, नाई तं घरात येऊ नोको. मैना नदीवर गेली. चाळनी बुडवे, उचले, पानी गळून जाये."

"हूं."

"काहून बुडवे?" प्रेमिला म्हणाली.

बाया थांबल्या. रुखमाबाईनं वर पाहिलं. "काहून म्हंजे?"

"चाळनीत पानी राहत नाई हे तिले ठाऊक नव्हतं का? मी असती तं चाळनी नदीत फेकून देल्ली असती."

"गोष्ट हाय वं बाई," यमुताई म्हणाली. यमुताई सगळ्यांत म्हातारी. तिला कापूस कमी दिसायचा, पण मजुरीला यायची. "गोष्टीत पुढं मुंग्या येतात, चाळनीचे छेद बुजवतात."

"मुंग्या येईपर्यंत थांबन कोन? मी मायच्या घरी निंगून गेली असती."

बाया हसल्या. रुखमाबाई दोन झाडं मुकाट्यानं वेचत गेली. मग म्हणाली, "बरं. फेकली चाळनी. आता सांगा, कोन्या रस्त्यानं जाते ते?"

तेव्हापासून वावरातली तऱ्हाच बदलली. रुखमाबाई गोष्ट एखाद्या वळणापर्यंत आणायची आणि विचारायची. बाया भांडायच्या. एक म्हणायची जंगलातून न्या, दुसरी म्हणायची जंगलात कशाला, लांडगा खाईन. बहुतेकींना पटेल ते रुखमाबाई पुढं चालवायची. तिला स्वतःलाच उद्या मैना कुठं असेल ते ठाऊक नसायचं. पहिले काही दिवस तिला हे खटकलं, मग आवडू लागलं. बायांनी मैनाला नदीकाठावरून उचललं, एका गाडीवाल्याच्या बैलगाडीत बसवलं, गाडीवाल्याची नजर वाईट निघाली म्हणून उतरवलं, तिच्या पदरात चार आणे बांधले आणि आठवड्याच्या आत तिला सडकेवर आणून मोटारीत बसवलं. जुन्या गोष्टीतले राजा-राणी मागेच राहून गेले.

देवराव पाटील बांधावरून पाहायचा. "साऱ्या एकाच जागी काहून गोया झाल्या वं? वावर का इतकंच हाय?" असं एकदा ओरडलाही. पण सांजेला कापूस तोलला तेव्हा नेहमीपेक्षा जास्त भरला. मग त्यानं काही म्हटलं नाही. दुपारी त्याचा गडी मडक्यातून पाणी पाजायला यायचा. बाया ओंजळी पुढं करायच्या आणि तो वरून धार सोडायचा. निम्मं पाणी कोपरांवरून गळून जायचं. त्या दिवसांत बायांना त्या पाण्याचीही घाई असायची, कारण मोटार चालू होती आणि मैना आत बसली होती.

"मोटार काटोलले आली," रुखमाबाई म्हणाली. "आता मैना उतरते का?"

"उतरते," एक म्हणाली. "तथून मामाच्या घरी जाते."

"मामा कोठून आला? मायच्या घरी चालली ना ते?" प्रेमिला म्हणाली. "मायचं गाव पुढं हाय. गावाच्या फाट्यावर उतरते."

"बरं. फाट्यावर उतरली. फाट्यावरून गाव कोस-दीड कोस. पायी निंगाली. कशी निंगाली सांगा?"

कोणी म्हणालं गाणं म्हणत, कोणी म्हणालं रडत. तेवढ्यात गोपिका बोलली. गोपिका रुखमाबाईची शेजारीण, घराला घर लागून. पस्तिशीची, अबोल. गोष्टीत ती कधी मत देत नसे. त्या दिवशी तिचे हात भरभर चालले होते, डोळे बोंडांवर होते, आणि तोंडातून आपोआप शब्द येत गेले.

"चप्पला हातात घेऊन. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता. आन डोकशावर पदर नव्हता, लाल काठाचा टावेल घेतला होता, पानी येऊन राह्यलं होतं म्हनून. टावेलाचा एक कोपरा जयलेला."

रुखमाबाईचा हात बोंडावरच राहिला.

वावरात ऊन होतं. नाल्यापलीकडे कोणी बैल हाकत होतं. गोष्टीत पाऊस कोणीच पाडला नव्हता.

गोपिकेलाही ते कळलं. तिनं मान आणखी खाली घातली आणि पुढच्या झाडाकडे सरकली.

"मंग?" प्रेमिला म्हणाली. "मंग काय झालं?"

"आज माहा घसा बसला," रुखमाबाई म्हणाली.

*

रुखमाबाईला एकच लेक होती, कौतिका. धम्मदीक्षेच्या वर्षी ती अकरा वर्षांची होती. घरची तिघं पांढरे कपडे घालून गावच्या माणसांसोबत नागपूरला पायी गेली होती. वाटेत पोरीच्या पायाला फोड आले, तरी ती बापाच्या खांद्यावर बसली नाही. पंधराव्या वर्षी तिचं लग्न कन्हानजवळच्या एका घरात करून दिलं. नवरा खाणीत कामाला. लग्नात रुखमाबाईनं कोष्ट्याकडून घेतलेला लाल काठाचा टॉवेल दिला होता. चुलीजवळ वाळत घातला असताना त्याचा कोपरा जळाला. दुसरा घ्यायचं म्हटलं तर कौतिका म्हणाली, असू दे माय, माहाच हाय हे समजून येईन.

दोन वर्षांनी, बासष्टच्या पावसाळ्यात, सासरची माणसं पाच पंच घेऊन आली. तुमची पोरगी घरातून निघून गेली, असं म्हणाली. नवरा दारू पिऊन मारतो, हे रुखमाबाईला ठाऊक होतं. पण पंचांसमोर बोलला तो कौतिकेचा बाप गणपतराव. त्यानंतर कौतिका कोणाला दिसली नाही. कोणी विहीर म्हटलं, कोणी रेल्वे म्हटलं, कोणी खाणीतल्या ट्रकवाल्याचं नाव घेतलं. सात वर्षं झाली. घरात तिचं नाव निघत नसे. गणपतराव आधी पाटलाकडे सालदार होता. आता छातीत दम भरतो म्हणून घरीच अंबाडीचे दोर वळायचा. रुखमाबाई वावरात गोष्टी सांगायची. दोघांचं असं चाललं होतं.

त्या सांजेला ती घरी आली तेव्हा गणपतराव दारात बसून दोर वळत होता. पायाच्या अंगठ्यात टोक अडकवलेलं, तळहात एकमेकांवर घासत होता.

"कापूस किती झाला?" त्यानं विचारलं.

"झाला."

तिनं भाकरी केल्या. कुडाच्या पलीकडे गोपिकेच्या घरी भांडी वाजत होती. रुखमाबाई ती भांडी ऐकत बसली. कोपरा जळाल्याचं पोरीच्या आणि तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर कौतिका सासरी गेली ती एकदाही माहेरी आली नव्हती. निदान रुखमाबाईला तसं वाटत होतं.

*

दुसऱ्या दिवशी ती वावरात गेली आणि स्वतःहून सुरू झाली.

"मैना फाट्यावर उतरली. पानी येऊन राह्यलं होतं. डोकशावर टावेल, हातात चप्पला. ते गावात शिरली. सांगा, कोनं पाह्यलं तिले?"

जुन्या बायांना टॉवेल ओळखू आला नसला तरी रुखमाबाईचा आवाज ओळखू आला. त्यात आज विचारणं नव्हतं, मागणं होतं.

प्रेमिलेला काही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "गावातल्या कुत्र्यानं पाह्यलं."

"कुत्र्यानं पाह्यलं. आन माणसानं?"

"रुखमे," यमुताई म्हणाली, "पाय धुव पोरीचे आन घरात घे. मायनं जेवाले वाढलं, गोष्ट सरली. दुसरी सांग."

"माय घरी होती का?"

"होती."

"गोपिका, तू सांग. होती का?"

गोपिकेची ओटी अर्धीच भरली होती, तरी ती रिकामी करायला ढिगाकडे गेली आणि परत आली ती दहा ओळी सोडून पलीकडे लागली.

त्या दिवशी बायांनी रुखमाबाईच्या उजव्या हाताची पाथ सोडून दिली. कोणी ठरवलं नव्हतं. एकीनं दुसरीकडे पाहिलं, दुसरी सरकली, आणि दोन ओळी तशाच राहिल्या. दोन्ही बाजूंची झाडं वेचून झाली आणि मधली दोन पांढरीशुभ्र. वारा आला की त्या ओळींतला पाला वाजायचा. रुखमाबाई दर वेळी तिकडे मान वळवायची. बोलताना तिचा आवाजही त्या बाजूला जाऊ लागला, जसं तिकडून कोणी वेचत येत असावं आणि तिला ऐकू जायला हवं.

"ह्या पाथीले काय धाड भरली?" सांजेला पाटील म्हणाला. "उद्या हे आधी वेचा."

सकाळी कोणीच त्या पाथीत शिरेना. शेवटी रुखमाबाई स्वतः शिरली आणि एकटीनं दोन्ही ओळी वेचल्या. एकही बोंड सोडलं नाही.

गोपिका दोन दिवस कामाला आली नाही. घरीच होती. रुखमाबाई पाणी भरायला निघाली की ती दार लोटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी आली. डोळे सुजलेले. ती सरळ येऊन रुखमाबाईच्या शेजारची पाथ धरून उभी राहिली.

बराच वेळ दोघी वेचत राहिल्या. बाकीच्या मागे. मग गोपिका म्हणाली, "वयनी, गोष्ट सांगा."

"तूच सांग."

"मले सांगता येत नाई."

"मंग मी इचारतो. तू नुसतं हो-नाई म्हन."

"हो."

"मैना गावात आली तवा दुपार होती?"

"हो."

"माय घरी होती?"

"नाई. माय नदीपलीकडं निंदाले गेली होती."

"घरी कोन होतं?"

गोपिकेनं ओटीतला कापूस उगाच दाबला. "बाप होता. खाटेवर होता."

"बापानं घरात घेतलं?"

"नाई."

मागच्या बायांचे हात थांबले होते. रुखमाबाईचे चालूच होते.

"काय बोलले?"

"ते मले ऐकू नाई आलं वयनी. पानी जोरात होतं. मी माह्या दारातून पाह्यलं. ते उंबरठ्याच्या भाईर उभी होती. मंग गेली. मी तिच्या मागं कोपऱ्यापर्यंत गेली. म्हनलं, कौते, जेवून जा. तिनं इचारलं, माय कवा येते? मी म्हनलं, सांजेले." गोपिका थांबली. "मी तिले माह्या घरी बसवली नाई. पंच दोन दिवसांआधीच येऊन गेले होते. माहा माणूस म्हने, आपल्याले कायले पाह्यजे. सांजेले गणपतभाऊ आले, माह्या लायन्या पोराच्या डोकशावर माहा हात ठेवला, म्हने शपथ घे. मी घेतली. तुमी गोष्टीत फाटा आनला आन माह्या तोंडून निंगून गेलं."

"कोपऱ्यावरून कोणीकडं गेली?"

"सडकेकडं."

रुखमाबाईनं पाथ शेवटपर्यंत नेली. ओटी ढिगावर रिकामी केली. लुगड्याला चिकटलेला कापूस एक एक करून काढला आणि दुपार असताना घरी निघाली. पाटलानं हाक मारली तरी वळली नाही.

*

गणपतराव दारातच होता. तिला अवेळी आलेली पाहून त्यानं दोर खाली ठेवला.

"कौती आली होती," रुखमाबाई म्हणाली.

त्याचा श्वास आधीच वर लागला होता. त्यानं तळहात धोतराला पुसले. मग म्हणाला, "हो."

"सात वर्सं."

"पंचांसमोर शब्द देल्ला होता मी. आली तं वापस पाठवीन म्हनून."

"सात वर्सं मी तुमच्यासमोर भाकर ठेवून राह्यली."

"मी गेलतो तिच्या मागं," गणपतराव म्हणाला. "एखाद्या तासानं उठलो. फाट्यावर गेलो. च्यावाला म्हने, एक पोरगी नागपूरच्या मोटारीत चढली. तिले नागपूरचाच रस्ता ठाऊक होता. दीक्षेले आपन गेलतो तो. मी दोनदा नागपूरले जाऊन आलो. तुले सांगतलं, बैल पाहाले चाललो म्हनून. तिथं कोठी पाहाचं? माणसंच माणसं."

रुखमाबाईनं आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पण त्या क्षणी त्याचं तोंड पाहणं तिला जमत नव्हतं. तिनं एका गाठोड्यात लुगडं आणि चार भाकरी बांधल्या. सकाळी ती फाट्यावर गेली. गणपतराव दहा पावलं मागं चालत होता, थांबून थांबून दम घेत. मोटार आली. तिनं वळून पाहिलं नाही आणि त्यानंही हाक मारली नाही. मोटार गेल्यावर तो फाट्यावरच्या दगडावर बसून राहिला. वावरातल्या बायांना तो दुरून दिसत होता.

*

नागपुरात इंदोऱ्याला सिंधूताई नावाची तिची मावसबहीण राहायची. तिच्याकडे रुखमाबाई बारा दिवस राहिली. सकाळी गिरणीच्या फाटकावर उभी राहायची, पाळी सुटली की एकेक बाईचं तोंड पाहायची. दुपारी संत्र्याच्या बाजारात, जिथं बाया पेट्या भरत बसतात, तिथं जायची. महाल भागातल्या गल्ल्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायांना विचारायची.

"कौतिका नावाची. आता चोवीस वर्सांची असन. हनवटीवर गोंदन. लाल काठाचा टावेल होता तिच्यापाशी."

महालात एका बाईनं लगेच सांगितलं, "हो, होती ना. लाल काठाचा टावेल होता. गोंदनही होतं."

रुखमाबाईनं तिचा हात धरला. "उंच होती का ठेंगणी?"

"उंच होती."

कौतिका ठेंगणी होती.

संत्र्याच्या बाजारातही तसंच झालं. ती जे सांगेल तेच लोक परत द्यायचे. वाईट मनानं नव्हे. म्हातारी बाई उन्हात उभी आहे, तिला काहीतरी द्यावं म्हणून द्यायचे. ती रडली की जास्त द्यायचे. एकानं तर कौतिकेला दोन लेकरंही दिली. आपण वावरात बायांना विचारायचो आणि बाया मैनाला मोटारीत बसवायच्या, तसंच हे चाललं आहे, हे रुखमाबाईला समजलं. मग तिनं टॉवेल सांगणं सोडलं. गोंदण सांगणं सोडलं. नुसतं नाव विचारू लागली. नुसतं नाव विचारलं की सगळे मान हलवायचे, नाही म्हणायचे.

एक दिवस ती कन्हानलाही गेली. जावयानं दुसरं लग्न केलं होतं. त्याची नवी बायको अंगणात कोळसा निवडत बसली होती. तिचा एक डोळा काळानिळा होता. रुखमाबाईनं आपण कोण हे सांगितलं नाही. पाणी मागितलं, प्यायली आणि परत आली.

*

ती गावी आली तेव्हा वावरात फरदडीची वेचणी चालली होती. उरलीसुरली बारकी बोंडं. ती आली तशी बायांनी तिला मधली पाथ दिली. लेक सापडली नाही हे तिच्या तोंडावरूनच समजलं.

काही वेळानं प्रेमिला म्हणाली, "मावशी, तुमी नव्हत्या तवा आमी गोष्ट थांबवली नाई."

"हूं," रुखमाबाई म्हणाली.

"यमुताईनं सांगतलं, मी सांगतलं, सगळ्यांईनं थोडी थोडी सांगतली. मैना नागपूरले गेली. गिरणीत कामाले लागली. तिचा मुकादम वाईट होता, त्याले आमी काढून टाकला. मंग एक पोरगा भेटला, निर्व्यसनी. दोन खोल्यांचं घर हाय. दारात तुळस—" प्रेमिला अडखळली. "तुळस नाई, गुलाब हाय. एक पोरगी झाली. तिचं नाव अजून ठेवलं नाई. तुमी ठेवा म्हनून."

सगळ्या बायांचे हात थांबले होते. गोपिका दोन ओळी सोडून उभी होती, ओटीला दोन्ही हातांनी धरून. बारा दिवस या बायांनी मिळून तिच्या लेकीला जपलं होतं, एकीलाही तिला विहिरीकडे नेऊ दिलं नव्हतं. रुखमाबाईला ते समजलं. आणि त्याच वेळी ते घर, तो गुलाब, ती नाव नसलेली पोरगी तिला नकोशी झाली.

"चांगलं केलं वं बायांनो," ती म्हणाली. "नाव तुमीच ठेवा. मैना तुमची हाय आता."

"आन तुमी?"

"मी आयकन."

गोष्ट पुढं चालली. ती ऐकत राहिली, पण तिच्या मनात दुसरीच एक दुपार होती, जिच्यात कोणी काही घातलं नव्हतं. ती एकाच माणसापाशी होती.

*

शनिवारी काटोलचा बाजार, म्हणून वेचणीला सुट्टी. दुपारी मोहल्ला रिकामा झाला. गणपतराव खाटेवर पडला होता, उशाला वळलेले दोर. रुखमाबाई त्याच्या समोर भुईवर बसली. नागपूरहून आल्यापासून दोघं कामापुरतं बोलत होती.

"त्या दुपारचं सांगा," ती म्हणाली.

"काय सांगू."

"जे झालं ते. वाढवू नोका, कमी करू नोका. माह्यासाठी चांगलं करू नोका."

गणपतराव उठून बसला. भिंतीला पाठ टेकली. दम लागू नये म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी बोलू लागला.

"पानी येत होतं. मी इथंच पडलो होतो. तिनं भाईरून म्हनलं, बाबा. मी म्हनलं, काहून आली? ते म्हने, माय कोठी हाय? मी म्हनलं, निंदाले गेली. ते म्हने, बसू का जराक? मी म्हनलं, नोको बसू. पंच येऊन गेले. सांजेच्या मोटारीनं वापस जाय."

"काय म्हनली?"

"काहीच नाई. खाली पाह्यलं. बकरीचं पिल्लू होतं दारात, नवंच झालेलं. ते म्हने, हे कवा झालं? म्हनलं, परवा. ते म्हने, पाठ हाय का बोकड? म्हनलं, पाठ. तवा जराक हासली."

"हासली?"

"गालात. पिल्लू थंडीनं कापत होतं. तिनं चप्पला खाली ठेवल्या, डोकशावरचा टावेल काढला, त्यानं पिल्लू पुसलं. मंग तोच टावेल डोकशावर घेतला."

रुखमाबाई हलली नाही. "बारीक झाली होती?"

"बारीक झाली होती. हातावर डाग होते. मी पाह्यले. पाह्यले आन तरी नोको बस म्हनलं." तो थांबला. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिनं त्याला थांबू दिलं, पण पाणी दिलं नाही. "मंग ते म्हने, पानी द्या. मी लोटा भरून देल्ला. आत बोलावलं नाई. उंबरठ्यावरून देल्ला."

"पेली?"

"पेली."

"सारं?"

"सारं पेली. चुलीतली राख मागतली. मी देल्ली. लोटा घासला, वळचणीच्या पान्यात धुतला आन उंबरठ्यावर पालथा ठेवला. मंग म्हने, जाऊ मंग? मी काहीच म्हनलं नाई. आपन जाय म्हनलं असतं तं ते एक झालं असतं. बस म्हनलं असतं तं ते एक झालं असतं. मी काहीच म्हनलं नाई. मंग गेली."

दारातून ऊन आत आलं होतं, त्याच्या पायांपर्यंत. बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या. रुखमाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि मांडी बदलून बसली.

"आता पयल्यापासून सांगा," ती म्हणाली.

त्यानं पहिल्यापासून सांगितलं. पाऊस, हाक, निंदण, पंच, बकरीचं पिल्लू, टॉवेल, पाणी. या वेळी तो दमला होता. "पानी पेली आन मंग म्हने, जाऊ—"

"लोटा?" रुखमाबाई म्हणाली.

गणपतरावानं तिच्याकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "लोटा धुतला."